सहा तासांची अट

डॉक्टरांनी घातलेली अट ऐकून सुकुमार मगदूमला हसूच आलं.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला. "दर सहा तासांनी काहीतरी खायचं! मला वाटलं, आता काय डोंगर उचलायला लावताय. अहो मॅडम, मी तर दर दोन तासांनी खातो."

टेबलापलीकडे बसलेल्या डॉ. तहसीन मुजावर हसल्या, पण त्यांची नजर सुकुमारवर नव्हती. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होती. सुकुमारनं वळून राजमतीकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. ऑपरेशनला नेताना, केमोच्या सहा फेऱ्यांत, डोक्यावरचे केस उशीवर राहिले तेव्हाही जी बाई डगमगली नव्हती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रात्रीसुद्धा?" राजमतीनं विचारलं.

"रात्री तर चुकवायचंच नाही, काकू. दिवसा माणूस काही ना काही खातंच."

राजमती मान खाली घालून हातातला रुमाल घडी करत राहिली.

सूर्यास्तानंतर ती पाण्याचा थेंबही घेत नसे. हा नियम तिनं पंचविसाव्या वर्षी घेतला होता आणि आता ती पंचावन्नची होती. जयसिंगपुरात जैनांची घरं पुष्कळ, नियम पाळणाऱ्या बायकाही पुष्कळ. पण लग्नकार्यात, प्रवासात, आजारपणात बहुतेकजणी थोडी ढील देतात. राजमतीनं ती कधी दिली नव्हती. भाद्रपदातल्या पर्वात तिनं पाच वेळा सलग दहा दिवसांचे उपवास केले होते, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर आणि तेही दिवसाउजेडी. पाचव्या वेळी गल्लीनं तिची मिरवणूक काढली होती.

सुकुमारचं सगळंच उलट. त्याचं स्टेशन रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, हा वडिलांपासूनचा धंदा. शेतातल्या पंपांच्या मोटरी होत्याच, आता विजेच्या स्कुटरींच्याही येत. दुकान बंद करून घरी यायला त्याला नऊ-साडेनऊ व्हायचे. तोवर राजमतीचं जेवण होऊन तीन तास उलटलेले असत. तो झाकून ठेवलेलं ताट उघडून एकटा जेवायचा. कधी खानावळीतून कांदा घातलेली मिसळ खाऊन, वर बडीशेप चघळत यायचा. तिला वास यायचा, ती काही बोलायची नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत दोघांनी संध्याकाळचं जेवण एकत्र केल्याचं सुकुमारला धड आठवत नव्हतं.

"का खायचं ते तरी नीट सांगा मला," राजमती म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"काकू, आपल्या आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. साडीच्या पदरासारखाच, आतड्यांवर पांघरलेला. अंडाशयातून निघालेल्या कॅन्सरच्या पेशी सगळ्यात आधी त्या पदराकडे धावतात. तो आम्ही ऑपरेशनमध्ये जमेल तेवढा काढला. केमोनं बाकीच्या बहुतेक पेशी मारल्या. पण काही चिवट पेशी उरल्या आहेत. कॅन्सरची पेशी एरवी साखरेवर जगते, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. या चिवट पेशींचं तसं नाही. अडचण आली की त्या चरबी जाळायला लागतात. आता, चरबी पेशीतल्या भट्टीत आपली आपण जात नाही. दारात एक विकर असतं, एन्झाइम म्हणतात ते. सीपीटी-वन त्याचं नाव. ते चरबीचा एकेक रेणू धरून आत घालतं. आमची नवी गोळी त्या विकराला जखडून ठेवते. चरबी दाराबाहेर पडून राहते, आणि ती पेशी भरल्या कोठाराशेजारी उपाशी मरते."

सुकुमार पुढे सरकून ऐकत होता. "आमच्या लहानपणी मळ्यात लाइट गेली की आप्पा डिझेलचं इंजिन चालू करायचे," तो म्हणाला. "तसंच हाय की हे. लाइट गेली की त्या पेशी डिझेलवर चालतात, आणि तुम्ही डिझेलची नळीच चिमटायला लागलासा."

"अगदी बरोबर. फक्त एक अडचण आहे. नळी एकट्या कॅन्सरची चिमटता येत नाही. काकूंच्या शरीराचीही चिमटली जाते."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. आपण जेवतो त्यातली थोडी साखर यकृत साठवून ठेवतं. तो साठा निरोगी माणसाला बारा-पंधरा तास पुरतो, आजारातून उठलेल्याला त्याहून कमी. साठा संपला की शरीर स्वतःच्या अंगावरची चरबी जाळतं, तिच्यापासून मेंदूला चालेल असं इंधन यकृत तयार करतं, आणि माणूस दहा-दहा दिवस उपाशी राहू शकतो. राजमतीनं पाच वेळा केलं ते याच जोरावर. गोळी चालू असताना हा जोर राहणार नव्हता. साखर संपली की मागे काहीही नाही. आधी घाम, मग भ्रम, मग शुद्ध जाणार.

"म्हणजे मी उपवास केला तर मरेन," राजमती सरळ म्हणाली.

"हो."

"रात्रीपुरतं सलाईन लावा मग. तोंडानं नको."

"अठरा महिने रोज रात्री शिरेत सुई? एकदा जंतू शिरले की ते कॅन्सरच्या आधी गाठतील, काकू. रात्री दहाला आणि पहाटे चारला पाण्यात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोअर प्यायचं. ते पोटात हळूहळू विरघळतं, साखर पुरवून पुरवून सोडतं. अठरा महिने. त्याहून जास्त मी देणारही नाही, कारण हृदय मुख्यतः चरबीवरच चालतं. त्याला फार दिवस ताणून चालणार नाही."

"आणि गोळी नाही घेतली तर?"

"तर दोन वर्षांत तो परत येण्याची शक्यता दहातली सात. गोळीनं ती दहातली तीन होते, असं आत्तापर्यंतच्या आकड्यांवरून दिसतंय. मी खात्री देत नाही."

मिरजेच्या रुग्णालयातून परतताना कृष्णेचा पूल लागला. पूल संपल्यावर राजमती म्हणाली, "घेऊ या गोळी. अनुजाचं बाळ बघायचंय मला." अनुजा त्यांची एकुलती एक मुलगी. हुबळीला असायची आणि तिला पाचवा महिना लागला होता.

२०४१ सालच्या फेब्रुवारीत गोळी सुरू झाली. राजमतीच्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवली गेली. अंगातली साखर, आणि चरबीपासून यकृत करतं ते इंधनही, ती दर पाच मिनिटांनी मोजायची आणि सुकुमारच्या फोनवर कळवायची. रुग्णालयात तिला लांबलचक नाव होतं, पण सगळे रुग्ण तिला टिकलीच म्हणत. साखर उतरायला लागली की फोन ओरडायचा. शिवाय साखरेच्या घट्ट पाकाच्या तीन नळ्या मिळाल्या होत्या. वेळ आलीच तर नळी फोडून पाक गालाच्या आत चोळायचा. सुकुमार त्या कायम खिशात बाळगायचा.

पहिल्या रात्री दहाला सुकुमार पेला घेऊन आला तेव्हा राजमती उठून मागच्या खोलीत गेली. दिवा न लावता, भिंतीकडे तोंड करून तिनं तो पांढरा घोट उभ्या उभ्या संपवला. चोरी करावी तसा. मग चूळ भरून हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. सुकुमार दारात होता. आत जावं की नको ते त्याला कळेना.

पहाटे चारचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. ज्या माणसाला घरात साखरेचा डबा कुठे असतो हे ठाऊक नव्हतं, तो आता गजर होण्याआधी उठायचा. कॉर्नफ्लोअर किती ग्रॅम हे ठरलेलं होतं. चमच्याचा अंदाज त्याला पटेना, म्हणून तांब्याची तार मोजायचा दुकानातला वजनकाटा त्यानं घासूनपुसून घरी आणला. राजमती अर्धवट झोपेत पेला घ्यायची, रिकामा करून परत द्यायची. दोघं बोलायचे नाहीत. पेला धुऊन सुकुमार अंगणात जाऊन बसायचा, उजाडेपर्यंत.

जूनमध्ये तपासणी झाली. पोटातले दोन ठिपके पुसट झाले होते, एक गेलाच होता. त्याच महिन्यात अनुजाला मुलगी झाली. राजमती हुबळीला गेली आणि सुकुमार वजनकाट्यासकट पाठोपाठ. जावयानं काट्याकडे बघून विचारलं, "मामा, बाळाचं वजन करायला आणलात काय?" तेव्हा कितीतरी दिवसांनी राजमती खळखळून हसली. सुकुमारला वाटलं, घाट ओलांडला आपण.

मग भाद्रपद आला.

पर्वाचे दहा दिवस राजमती रोज सकाळी मंदिरात जायची. तिथल्या बायकांचे एकभुक्त, उपवास, कुणाचं काय चाललंय याच्या गोष्टी घरी येऊन सांगायची. स्वतःबद्दल अक्षर नाही. शेवटचा दिवस अनंत चतुर्दशीचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, टिकली अंघोळीत निघाली बगा. चिकटतच नाही आता."

"मी मिरजेला फोन करतो."

"मी केलाय. उद्या दुपारपर्यंत नवी पाठवतायत. एका दिवसानं काय होतंय?"

त्या रात्री दहाला ती त्याच्यासमोर पेला प्यायली. पहाटे चारला त्यानं पेला आणला, तेव्हा म्हणाली, "ठेवा तिथं. तुम्ही झोपा, सात महिने झोपला नाहीसा. पिते मी." सुकुमारला बरं वाटलं. तो खरंच झोपला.

सकाळी तो दुकानात गेला. एक वाजता डबा विसरल्याचं लक्षात आलं म्हणून घरी परतला. राजमती मंदिरात होती. हात धुवायला तो मोरीत गेला आणि थबकला. मोरीच्या तोंडाशी, फरशीवर, चुन्यासारखा पांढरा ओघळ वाळून बसला होता. त्यानं बोट लावून पाहिलं. पीठ होतं. तिनं आज उपवास धरला होता.

रात्री दहा ते दुपारी एक. पंधरा तास.

मंदिर घरापासून पाच मिनिटांवर. सुकुमार ते अंतर कसं गेला ते त्याला नंतर आठवेना. पायरीशी चपला भिरकावल्या, अंगात दुकानातलाच शर्ट, हाताला वार्निशचा वास. आत पूजा चालली होती. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून राजमती बसली होती. डोळे उघडे. कपाळावरून घामाच्या धारा. तो समोर गुडघ्यांवर बसला तेव्हा तिनं त्याच्याकडे बघितलं आणि लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाली, "अण्णा, मला न्यायला आलासा?"

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

सुकुमारनं खिशातली नळी दातांनी फोडली.

"अहो भाऊजी, काय करतासा?" शेजारच्या कुसुमवहिनींनी त्याचा हात धरला. "निर्जळी उपवास हाय त्यांचा! देवासमोर..."

"माझं माणूस चाललंय, वहिनी. हात सोडा."

त्यानं बोटावर पाक घेतला आणि तिच्या गालाच्या आत चोळला. तिनं दात मिटून घेतले. शुद्ध नव्हती, तरी नकार होता. त्यानं जबडा धरून परत बोट आत घातलं. पूजा थांबली होती. शंभर माणसं बघत होती. ज्या गल्लीनं तिची मिरवणूक काढली होती त्याच गल्लीदेखत तो तिचा उपवास मोडत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या साडीवर गळत होतं. दुसरी नळी पाकानं चिकट झालेल्या त्याच्या बोटांतून निसटून पडली. कुसुमवहिनींनीच ती उचलली, टोक मोडलं, राजमतीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मी धरते. तुम्ही घाला."

मिरजेला पोहोचेपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये शिरेतून साखर सुरू झाली होती. संध्याकाळी तिला शुद्ध आली. सुकुमार पलंगाशी बसला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मुजावर आल्या. त्यांनी रागवायचं ठरवलेलं दिसत होतं, पण राजमतीचा चेहरा बघून त्या स्टूल ओढून बसल्या.

"काकू, मी रोजे धरते," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. धाकट्याच्या वेळी बाळंतपण जड गेलं आणि दोन वर्षं नाही धरता आले. आजारपणात सूट असते, मागून भरून काढता येतात, सगळं मला पाठ होतं. तरी घरातले सगळे पहाटे उठून जेवायचे तेव्हा मी पांघरुणात तोंड घालून रडायची. त्यामुळे तुम्ही का केलंत ते मी विचारत नाही. गोळी पुढे चालू ठेवायची की बंद करायची, एवढंच तुम्ही सांगायचं. चालू ठेवून उपवास, हे मात्र मी होऊ देणार नाही."

"सांगते," राजमती म्हणाली. "यांच्याशी बोलून सांगते."

डॉक्टर गेल्या. खाली आवारात कुणीतरी रिक्षावाल्याशी वाद घालत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"तुम्ही माझा उपवास मोडलासा," राजमती म्हणाली.

"मोडला."

"परत केला तर?"

"परत मोडीन. दहा वेळा केलास तर दहा वेळा मोडीन. तू माझं तोंड बघू नको पाहिजे तर."

ती छताकडे बघत होती. "मला एक सांगायचंय. तीस वर्षं कुणालाच सांगितलं नाही. लोक मला मोठी व्रतस्थ समजतात न्हवं? ऐका मग. लग्न झालं तेव्हा मी तुमची वाट बघायची. आठ वाजले, नऊ वाजले, ताट वाढून बसायची. सासूबाई म्हणायच्या, जेव, तो येईल तेव्हा येईल. मी नाही जेवायची. तुम्ही अकराला यायचा, बाहेर जेवून. एक दिवस माझा वाढदिवस होता. गव्हाची खीर केली होती मी. तुम्ही आलासा, मित्राबरोबर ढाब्यावर जेवलो म्हणालासा आणि झोपलासा. दुसऱ्या दिवशी गावात मुनी महाराज आले होते. मी गेले आणि नियम घेतला. सूर्य मावळला की जेवण नाही." ती थांबली. "नियम घेतला म्हणजे वाट बघायचं कारणच उरलं नाही. धर्मबिर्म काही नव्हता त्यात. तुमच्यावरचा राग होता."

 सुकुमारला ती खीर आठवत नव्हती. तो वाढदिवसही आठवत नव्हता. त्याला नेहमी वाटायचं, बायको देवाधर्माची आहे, आपण आपले असे आहोत, जमलंय बरं. या जमण्याखाली काय पुरलं होतं ते तो आज पहिल्यांदा बघत होता.

"राजमती..." तो पुढे सरकला.

"थांबा, पुरं सांगू द्या. सुरुवात तशी झाली. पण पुढं तो नियम खरंच माझा झाला. त्या घरात, माझं म्हणावं असं तेवढंच होतं. उपवासाच्या आठव्या-नवव्या दिवशी मन असं हलकं व्हायचं, तुम्हाला सांगून कळणार नाही. या गोळीनं ते काढून घेतलं. मला वाटलं, एकदा बघावं, ते अजून आत आहे का. म्हणून केलं. मरायला नव्हतं केलं."

"व्हतं का आत?" सुकुमारनं विचारलं.

ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "नव्हतं," ती म्हणाली. "नुसती भीती वाटत होती. आणि मोरीत पीठ ओतताना तुम्ही ते वजन करून केलंय हे सारखं डोळ्यांसमोर येत होतं."

सुकुमारनं दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं.

काही वेळानं ती म्हणाली, "गोळी चालू ठेवू या. पण मी एकटी मागच्या खोलीत नाही पिणार आता. तुम्ही समोर बसायचं. तुमचं जेवण त्याच वेळी."

त्यानंतर सुकुमार आठला घरी यायला लागला आणि दहापर्यंत थांबायला लागला. भूक लागायची. तो वर्तमानपत्र उलटंसुलटं करायचा, घड्याळ बघायचा, स्वयंपाकघरात दोन चकरा मारायचा. राजमती ते बघून न बघितल्यासारखं करायची. दहाला ती ताट वाढायची, त्याचं. स्वतः पेला घेऊन समोर बसायची. रात्री ती अन्न घ्यायची नाही, औषध म्हणून पीठ तेवढं घ्यायची. पण बसून घ्यायची, दिव्याखाली, सावकाश. दोघं बोलायचे. आधी अनुजाच्या मुलीबद्दल, कारण ते सोपं होतं. मग हळूहळू बाकीचं. एकतीस वर्षांचं बोलणं काही एका महिन्यात संपत नाही. काही दिवशी ते भांडायचेही, जुन्या, विसरलेल्या गोष्टींवरून, पीठ तळाशी बसेपर्यंत. मग सुकुमार पेला परत ढवळून द्यायचा.

गावात थोडी कुजबूज झाली. मगदूमनं देवासमोर असं करायला नको होतं, असं काही लोक म्हणाले. कुसुमवहिनींनी एकदा मंदिराच्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या देखत सांगितलं, की नळीचं टोक मी मोडलंय, कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. त्यानंतर कुजबूज बंद झाली.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अठरा महिने पुरे झाले. पोटात काही दिसत नव्हतं. "दिसत नाही एवढंच मी म्हणेन," डॉ. मुजावर म्हणाल्या. "नाहीच, असं म्हणणार नाही. दर तीन महिन्यांनी बघत राहू. गोळी आजपासून बंद. चार-पाच दिवसांत विकर मोकळं होईल, मग हळूहळू रात्रीचं पीठ सोडू."

पीठ सोडायच्या पहिल्या रात्री राजमती गाढ झोपली. सुकुमार मात्र चारला जागा झाला आणि फोन हातात घेऊन बसला. साखर थोडी उतरली होती.  मग त्यानं खालचा दुसरा आकडा पाहिला. चरबी जाळून यकृत मेंदूसाठी जे इंधन करतं, त्याचा तो आकडा. अठरा महिने तो शून्यावर चिकटून होता. आता तिथं शून्य पूर्णांक तीन दिसत होतं. बघता बघता शून्य पूर्णांक चार झालं. आजवर त्यानं हजारो बंद मोटरी चालू केल्या होत्या. पण यावेळी त्यानं काहीच केलं नव्हतं, नुसतं बघत होता. सकाळी त्यानं राजमतीला दाखवलं. तिनं चष्मा लावून आकडा वाचला आणि तो फोन छातीशी धरला.

आठवड्याभरात तिनं नियम परत सुरू केला. सुकुमारला विचारलं नाही, आणि त्यानंही तिला थांबवलं नाही. रात्री दहाला समोरासमोर बसणं मात्र संपलं. दोन-तीन दिवस त्यानं आठला येऊन एकट्यानं ताट उघडलं. चौथ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी लागली: 'दुकान सकाळी सात ते संध्याकाळी पाच.' शेजारचा टायरवाला म्हणाला, "सुकुमारभाऊ, संध्याकाळीच तर गिऱ्हाईक असतं. शेतकरी मळ्यातनं सुटून येतो तो सहाला."

"सकाळी लवकर यायला सांगतोय," सुकुमार म्हणाला आणि शटर ओढलं.

कार्तिकातली एक संध्याकाळ. दिवस लहान झाले होते. नोव्हेंबरची तपासणी दोन दिवसांवर आली होती आणि दोघांनीही सकाळपासून तिचा विषय काढला नव्हता. सुकुमार सव्वापाचला घरी पोहोचला, हातपाय धुतले. अंगणात पश्चिमेच्या बाजूला राजमतीनं दोन पाट मांडले होते. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. तिनं त्याला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि शेजारी बसली. ऊन तिरकं होऊन ताटांवर आलं होतं. तिचे केस आता मानेपर्यंत वाढले होते, सगळे पांढरे.

सुकुमार भराभर जेवत होता. एक डोळा सूर्याकडे, एक तिच्या ताटाकडे. तिची अर्धी भाकरी अजून तशीच होती. उशीर होईल या भीतीनं त्याला ठसका लागला.

राजमतीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

"अजून उजेड आहे," ती म्हणाली. "सावकाश जेवा."